‘सरकारी वकील व्हायला इथे आलो का?’

‘ताई, मी सहावीत असताना आम्ही सांगली सोडून न्यू जर्सीला आलो, एडिसनला. बाबा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात क्लार्क होते. इथे आल्यावर त्यांनी औषधांच्या गोदामात बारा वर्षं रात्रपाळी केली. मी लॉ केलं, एका फेडरल न्यायाधीशांकडे वर्षभर लॉ क्लार्क, म्हणजे कायद्याच्या कामातली मदतनीस, होते आणि गेली तीन वर्षं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आहे. आता असिस्टंट यू.एस. अटर्नी, म्हणजे केंद्राची (फेडरल) सरकारी वकील, म्हणून नेमणुकीचं पत्र आलंय. पगार निम्म्याहून खाली येणार. शिक्षणाचं कर्ज बरंच बाकी आहे आणि आईबाबांच्या घराचा अर्धा हप्ता मी भरते. बाबा म्हणतात, “सरकारी वकील व्हायला इथे आलो का? २६/११च्या त्या हेडलीला फाशीपासून वाचवणारे हेच ना?” आई काहीच बोलत नाही. ऑफिसातले म्हणतात, वॉशिंग्टनमध्ये जे चाललंय ते बघता ही वेळ नाही. मला जायचंय, पण मी नक्की कशाला हो म्हणतेय तेच कळेनासं झालंय. वीस दिवसांत उत्तर द्यायचं आहे.
— दोन मनांत, एडिसन’

प्रिय ‘दोन मनांत’,

तुझं पत्र वाचताना मी दर वेळी बाबांच्या वाक्यापाशी थांबले. माझे काका कोल्हापूरला सरकारी वकील होते. अकराला कोर्ट बसायचं आणि साडेदहाला ते फायलीची सुतळी सोडायचे. तपास पोलिसांनी केलेला, आरोपपत्र पोलिसांनी दाखल केलेलं, पंच फितूर झालेले. काका हुशार होते, पण खटला त्यांच्या हातात पडेपर्यंत त्याचं बरंवाईट ठरून गेलेलं असायचं. बाबांनी कोर्टाच्या टेबलामागे बसून असे किती काका बघितले असतील! त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र खरं आहे. फक्त तू जिथे निघाली आहेस, तिथलं ते नाही.

मी पुण्यात एलएल.बी. केलं, पुढच्या शिक्षणासाठी इथे आले, नागरिक झाले आणि मग अकरा वर्षं मध्य-पश्चिमेतल्या एका जिल्ह्यात हेच काम केलं. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे.

आधी बाबांसाठी थोडं. अमेरिकेत ९४ फेडरल न्यायिक जिल्हे आहेत. तुमचं अख्खं न्यू जर्सी मिळून एक जिल्हा, शेजारच्या न्यूयॉर्कचे चार. जवळपास प्रत्येक ठिकाणी एक यू.एस. अटर्नी असतो. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देतं. हे पद १७८९च्या कायद्यातलं, म्हणजे न्याय खात्याहूनही जुनं. ते खातं १८७०मध्ये आलं. यू.एस. अटर्नी सरकारबरोबर बदलतात. त्यांच्या हाताखालचे असिस्टंट मात्र एका राष्ट्राध्यक्षाच्या काळात लागतात आणि पुढच्या दोघा-तिघांच्या काळात तिथेच काम करत राहतात. कोर्टात उभं राहतात ते हेच लोक. तू त्यांच्यातली एक होणार आहेस.

आणि इथे क्रम उलटा आहे. एफबीआयचा माणूस कितीही मोठा असला तरी आरोपपत्र तो दाखल करत नाही. झडतीच्या वॉरंटसाठी रात्री अडीचला फोन येतो तो प्रॉसिक्युटरला, म्हणजे सरकारी वकिलाला. कोणाला बोलवायचं, कुठल्या बँकेचे कागद मागवायचे, कोणावर आरोप ठेवायचा आणि कोणाला सोडून द्यायचं, हे सगळं तपास चालू असतानाच तुझ्या टेबलावरून जातं. गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवायला ग्रँड ज्युरीसमोर जावं लागतं. १६ ते २३ सामान्य नागरिक आणि त्यातल्या १२ जणांची संमती. पण त्या खोलीत न्यायाधीश नसतात, आरोपी नसतो, त्याचा वकीलही नसतो. तू असतेस, साक्षीदार असतो, लिहून घेणारा असतो आणि तुझ्याकडे बघणारी ती माणसं. तू जे दाखवशील ते ती बघतात. तू जे दाखवणार नाहीस ते त्यांना कळायला मार्गच नाही.

एवढी सत्ता इतक्या तरुण माणसाच्या हाती या देशात दुसरीकडे कुठेही नाही, हे मी जबाबदारीने लिहिते आहे. १ एप्रिल १९४० रोजी त्या वेळचे अटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, रॉबर्ट जॅक्सन यांनी देशभरचे यू.एस. अटर्नी वॉशिंग्टनमध्ये जमवून नेमकं हेच सांगितलं होतं. माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यांवर प्रॉसिक्युटरइतका ताबा दुसऱ्या कोणाचा नाही, असं ते म्हणाले. त्यांनी दाखवलेला सगळ्यात मोठा धोका असा की प्रॉसिक्युटर आधी माणूस निवडेल आणि मग त्याला लागू पडेल असं कलम शोधत बसेल. कायद्याची पुस्तकं एवढी जाड आहेत की शोधलं तर कोणासाठीही काहीतरी सापडतंच. हेच जॅक्सन पुढे न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांविरुद्ध अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता झाले. वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे कायद्याची पदवी नव्हती. एक वर्ष लॉ स्कूल आणि बाकी सगळं वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून शिकलेले. कोर्टाच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या तुझ्या बाबांना हे आवडेल.

आता माझी गोष्ट.

पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, सरकारतर्फे कोण हजर आहे. मी उठले, आडनाव सांगितलं आणि पुढे म्हटलं, ‘फॉर द युनायटेड स्टेट्स’. माझं ते कोल्हापूरचं आडनाव आणि त्याला लागून ते शब्द. अंगावर काटा आला, तो आजही आठवतो. तुलाही येईल आणि यावाच. पण त्याच क्षणी समोरच्या टेबलाशी एक पोरगा बसला होता, वकील शेजारी असूनही एकटा. त्याच्या खटल्याचं नाव होतं युनायटेड स्टेट्स विरुद्ध तो. एका बाजूला अख्खा देश आणि दुसऱ्या बाजूला विशीतला एक मुलगा. सर्वोच्च न्यायालयाने १९३५मध्येच बर्गर खटल्यात सांगून ठेवलंय की या वकिलाचं काम खटला जिंकणं नव्हे, न्याय होईल हे बघणं आहे. वार जोरात करावा, पण खोटा करू नये. हे वाक्य प्रत्येक कार्यालयात नव्या माणसाला सांगतात. मलाही सांगितलं होतं. ते मला कळलं दोन वर्षांनी.

२०१२चा हिवाळा होता. क्रॅक, म्हणजे खड्यांच्या रूपातलं कोकेन, विकताना एक बावीस वर्षांचा मुलगा पकडला गेला. बंदूक नाही, मारामारी नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला, वजन २८.६ ग्रॅम. आता हा आकडा नीट बघ. २०१०पर्यंत पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षांची शिक्षा होती. आपल्या सोनाराच्या हिशेबाने अर्धा तोळा. पांढऱ्या पावडरीच्या कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला अर्धा किलो लागायचं. क्रॅकच्या खटल्यांत बहुतेक काळी मुलं असायची. त्यामुळे हा शंभरपटीचा फरक कोणाच्या घरावर पडला ते सगळ्यांना दिसत होतं. ऑगस्ट २०१०मध्ये कायदा बदलला आणि मर्यादा २८ ग्रॅमवर आली. माझ्या समोरचा मुलगा त्या रेषेच्या जेमतेम वर होता, साधारण गव्हाच्या दहा-पंधरा दाण्यांच्या वजनाइतका.

आरोपात वजन घातलं की न्यायाधीशांचे हात बांधले जातात. पाच वर्षांखाली येता येत नाही. वजन न घालता आरोप ठेवला तर ते त्याचं वय, घर, आधीचं आयुष्य बघून शिक्षा ठरवू शकतात. दोन्ही मार्ग माझ्यापुढे होते. आमच्याकडे रिवाज असा होता की सिद्ध होण्यासारखा सगळ्यात गंभीर आरोप ठेवायचा; वेगळं काही करायचं तर वरिष्ठांकडे जाऊन कारण सांगायचं. त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरा मोठा खटला उभा होता. मी गेले नाही, विचारलंच नाही. वजन घातलं.

आधीच्या एका लहान गुन्ह्यामुळे सवलतीचं कलम त्याला लागत नव्हतं. दुसरा रस्ता असतो सरकारला मदत करण्याचा, आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदारासारखा. त्याने कोणाविरुद्ध उपयोगी माहिती दिली तर आम्ही न्यायाधीशांना किमान शिक्षेखाली जाण्याची विनंती करू शकतो. पण त्याला ठाऊक होतं काय? ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याचं टोपणनाव आणि एक बंद पडलेला फोन नंबर. पाच वर्षं झाली. निकालानंतर पाणी प्यायला मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आले. त्याची आई बाकावर बसली होती, हॉस्पिटलच्या लाँड्रीतला निळा गणवेश घालून. कामावरून तशीच आली असावी. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिने विचारलं, ‘सत्तावीस असते तर?’

मी तिला काही उत्तर दिलं नाही. द्यायला माझ्याकडे नव्हतं. वर्षभराने, ऑगस्ट २०१३मध्ये, अटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी सगळ्या कार्यालयांना सांगितलं की अशा हिंसा नसलेल्या लहान आरोपींवर किमान शिक्षा लागू होईल असं वजन आरोपात घालू नका. ते पत्रक माझ्या टेबलावर आलं तेव्हा तो मुलगा आत होता.

हे तुला घाबरवायला लिहिलेलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं मी तिथेच राहिले आणि प्रत्येक वजनाच्या आकड्यासमोर थांबले. वरिष्ठांच्या दारावर इतक्यांदा थाप मारली की शेवटी ते दार माझ्यासाठी उघडंच ठेवायचे. काही वेळा हो मिळालं, काही वेळा नाही. तू विचारतेस, मी कशाला हो म्हणतेय. या दारावर थाप मारण्याला हो म्हणते आहेस. ज्यूरीपुढचं भाषण, उलटतपासणी, वर्तमानपत्रातलं नाव हे सगळं येतं, पण फार थोडं येतं. फेडरल कोर्टात शिक्षा होणाऱ्यांपैकी दहात नऊहून जास्त लोक खटला न लढता गुन्हा कबूल करतात. म्हणजे बहुतेक माणसांचं भवितव्य ज्यूरीसमोर ठरतच नाही. ते एका खोलीत ठरतं, तुझ्या आणि समोरच्या वकिलाच्या बोलण्यात.

इथेच बाबांचा हेडली येतो, आणि त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. मुंबईत १६६ माणसं गेली. ताज, सीएसटी, छाबड हाऊस या जागांची पाहणी करून आलेला माणूस ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. मार्च २०१०मध्ये त्याने सगळे बारा आरोप कबूल केले, आणि त्याबदल्यात सरकारने फाशी मागायची नाही व भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्या ताब्यात द्यायचं नाही असं मान्य केलं. जानेवारी २०१३मध्ये त्याला ३५ वर्षं झाली. मी त्या खटल्यात नव्हते, पण निकालाच्या रात्री कोल्हापूरहून आईचा फोन आला होता, आणि तिने विचारलं तेच बाबा विचारतायत.

त्या कराराने काय मिळालं? हेडली बोलला. जून २०१०मध्ये एनआयएच्या अधिकाऱ्यांनी शिकागोत त्याला विचारलं. त्याच्याच साक्षीवर त्याचा जुना मित्र तहव्वूर राणा याच्यावरचा खटला उभा राहिला. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून व्हिडिओवर त्याची साक्ष झाली. उज्ज्वल निकमांनी घेतलेली ती साक्ष बाबांनी नक्की बघितली असेल. हल्ल्यामागे लष्कर-ए-तैयबा कशी होती हे आतल्या माणसाच्या तोंडून रेकॉर्डवर आलं ते या करारामुळे. आणि तरीही राणाला शिकागोच्या ज्यूरीने २०११मध्ये मुंबईच्या आरोपातून सोडलं, डेन्मार्कमधल्या वर्तमानपत्रावर हल्ल्याच्या कटात आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी ठरवलं. तो भारताच्या ताब्यात आला एप्रिल २०२५मध्ये.

तर हिशेब असा. ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्याकडे देण्यासारखं होतं, म्हणून त्याचा जीव वाचला. माझ्या समोरच्या मुलाला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला एक दिवसही कमी झाला नाही. हा या व्यवस्थेतला सगळ्यात बोचणारा भाग आहे आणि अकरा वर्षांत तो मला कधी सवयीचा झाला नाही. हेडलीशी करार करणं मला चूक वाटत नाही. त्याच्याशिवाय दाव्यातल्या कित्येक गोष्टी तर्कच राहिल्या असत्या. पण पस्तीस वर्षांच्या आकड्याने मला समाधान झालं असं मी म्हणणार नाही, आणि बाबांनाही ते पटवायला जाऊ नकोस. त्यांना एवढंच सांग की असे करार करणारा माणूस दगड असू नये, म्हणून तू जाते आहेस.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर पत्र एकांगी होईल. ऑक्टोबर २०१६मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांची धाड पडली, आठवतं? अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल, असे फोन तिथून जायचे. त्याच महिन्यात अहमदाबादच्या कॉल सेंटरांविरुद्ध ह्यूस्टनमध्ये ५६ माणसं आणि पाच कंपन्यांवरचं फेडरल आरोपपत्र उघड झालं. २०१८मध्ये अमेरिकेतल्या साथीदारांपैकी काहींना वीस वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या. असल्या फोनांनी फसलेली म्हातारी माणसं मी बघितली आहेत. ती पैशांपेक्षा लाजेनं खचलेली असतात, मुलांनाही सांगत नाहीत. एक आजोबा माझ्यासमोर खिशातून पावत्या काढून, बोटाने सरळ करत, एकेक मांडत होते. त्यांच्यासाठी जेव्हा तू उभी राहून ‘फॉर द युनायटेड स्टेट्स’ म्हणतेस, तेव्हा तो देश खरंच त्यांच्या बाजूला येऊन बसतो. फर्ममध्ये हे मिळणार नाही.

आता वॉशिंग्टन. ऑफिसातले म्हणतात त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्या असा आदेश वरून आला. मॅनहॅटनच्या कार्यवाहक यू.एस. अटर्नी डॅनिएल सॅसून यांनी नकार दिला आणि राजीनामा दिला. त्या सर्वोच्च न्यायालयात स्कालियांसारख्या उजव्या विचारांच्या न्यायमूर्तींच्या क्लार्क होत्या. त्यामुळे हे पक्षाचं भांडण होतं असं कोणी म्हणू शकत नाही. पाठोपाठ आणखी काही जण बाहेर पडले. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी खटला कायमचा रद्द केला. म्हणजे राजीनाम्यांनी खटला वाचला नाही. पण त्या कागदावर त्यांची सही नाही.

असा दिवस तुझ्यावर येईलच असं नाही. महापौरांचे खटले नव्या माणसाकडे जात नाहीत. पण लहान रूपात तो येतोच: तपास अधिकारी सांगतो हा साक्षीदार पक्का आहे, आणि तुला तो पक्का वाटत नाही. आणि कायद्याने तुला अटर्नी जनरल काढू शकतात. पार्श्वभूमी तपासणी पूर्ण होईपर्यंत तर नेमणूक तात्पुरतीच असते. म्हणून पैशाचं बोलू या, कारण ‘नाही’ म्हणता येणं आणि बँकेतली शिल्लक यांचा फार जवळचा संबंध आहे.

मोठ्या फर्म २०२५मध्ये पहिल्या वर्षाला २,२५,००० डॉलर देत होत्या, तुला आता त्याहून बरेच मिळत असणार. ते जाणार. जायच्या आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाक आणि त्याला हात लावू नकोस. या पगाराच्या भरवशावर नवं घर घेऊ नकोस. आईबाबांच्या हप्त्यातला तुझा वाटा किती कमी होईल ते त्यांच्यासमोर कागद घेऊन बसून ठरव. महिन्याअखेरी गुपचूप ओढाताण करत राहू नकोस. बाबांचा निम्मा राग तिथला आहे असं मला वाटतं. बारा वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला पुन्हा हप्त्याची भीती वाटली तर ती समजून घ्यायला हवी.

कर्जाचं एक आजच बघ. सरकारी नोकरीत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं फेडरल शैक्षणिक कर्ज माफ होतं. ही योजना २००७ची आहे. फर्ममधले तीन वर्षांचे हप्ते त्यात धरत नाहीत. आणि मोठ्या फर्ममधली मुलं व्याज वाचवायला फेडरल कर्ज खासगी कंपनीकडे वळवून घेतात. तसं तू केलं असशील तर माफी संपली, परत फिरता येत नाही. केलं नसशील तर आता कोणी कितीही कमी व्याज दाखवलं तरी करू नकोस.

तपासणीच्या अर्जात सगळं खरं लिही. न्यू जर्सीत २०२२पासून गांजा दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्याने तो अजून गुन्हाच आहे आणि अर्जात त्याबद्दल विचारतात. कधी घेतला असेल तर तसं लिही. घेतल्याने अडचण येऊ शकते. खोटं लिहिल्याने दार कायमचं बंद होतं, कारण फेडरल सरकारला खोटं सांगणं हाच एक गुन्हा आहे आणि त्याच कलमाखाली तू उद्या लोकांवर खटले भरशील. परदेशातले जवळचे नातेवाईक आणि मालमत्ता याबद्दलही प्रश्न असतात. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव चढलंय का? आजोबांनंतर फेरफार झाला असेल तर तुला न कळता चढलेलं असू शकतं. हे बाबांना विचार. कुठला उतारा कुठून मिळतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार, आणि या नोकरीच्या कागदपत्रांत त्यांचा हात लागला तर मला बरं वाटेल.

बाहेरची वकिली बंद होईल. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी भेटेल आणि म्हणेल, मामेभावाच्या व्हिसाचे कागद जरा बघून दे. नाही म्हणावं लागेल. जेवताना बाबा विचारतील, काय केलंस आज? ग्रँड ज्युरीतलं काही सांगता येणार नाही, निवडणुकीसाठी कोणाकडे वर्गणी मागता येणार नाही. आईला हे आधी सांगून ठेव, नाहीतर तिला वाटेल पोरगी तुटली.

कामाचं एकच सांगते, बाकी तिथे शिकवतील. आरोपीच्या बाजूचा पुरावा तुझ्याकडे असेल तर तो त्याच्या वकिलाला द्यावाच लागतो, १९६३च्या ब्रेडी निकालापासून. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांना ऑक्टोबर २००८मध्ये दोषी ठरवलं, आठ दिवसांनी ते निवडणूक हरले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सरकारनेच खटला रद्द करा म्हणून सांगितलं, कारण त्यांच्या बाजूचे कागद दिलेच नव्हते. ते मोठमोठ्या अनुभवी लोकांच्या हातून झालं. म्हणून तपास अधिकाऱ्यांनी खोकं आणून दिलं की त्यांनी टाइप केलेल्या अहवालावर थांबू नकोस. तळाशी त्यांच्या हाताने लिहिलेल्या वहीची पानं असतात, चहाचे डाग पडलेली, अर्धी वाक्यं. ती स्वतः वाच. मी एकदा तशा पानावर ‘आधी दुसरंच नाव सांगितलं’ अशी ओळ बघितली. टाइप केलेल्या अहवालात ती नव्हती. ते पान मी त्याच दुपारी समोरच्या वकिलाला पाठवलं आणि खटला पडला. अधिकारी माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

तू जावंस असं मला वाटतं. तुझ्या पत्रात पगाराच्या ओळी आहेत, भीतीच्या आहेत, पण नावलौकिकाची एकही नाही, आणि ‘मी नक्की कशाला हो म्हणतेय’ असं विचारणारी माणसं तिथे हवी आहेत. पण वीस दिवसांत उत्तर देण्याआधी एक कर. फेडरल कोर्टातली शिक्षेची सुनावणी कोणालाही बसून बघता येते. नेवार्कला कोर्ट आहे, एडिसनहून लोकलने जवळ. ज्या खटल्याचं कोणी नावही ऐकलं नाही असा एखादा निवड, आणि बाबांना घेऊन जा. मागच्या बाकावर बसा. सरकारच्या टेबलाकडे बघ, समोरच्या टेबलाकडे बघ, आणि आरोपीच्या घरची माणसं कुठे बसली आहेत तेही बघ. सुनावणी संपली की लगेच उठू नका, ती माणसं बाहेर पडेपर्यंत थांबा. परतताना गाडीत बाबा काहीतरी बोलतील. तीसेक वर्षांपूर्वीच्या सांगलीच्या कोर्टातलं असेल कदाचित. ते काय म्हणाले, ते मला लिही.

तुझी,
ताई